थारच्या वाळूत गाडी घालण्याआधी टायरची हवा काढा

जैसलमेरहून वाळूच्या टेकड्यांचं सम गाव ४०-४२ किलोमीटर. रस्ता डांबरी, कुठलीही हॅचबॅक जाते. रामगढमार्गे तनोट (सुमारे १२० किलोमीटर) आणि पुढे लोंगेवाला, तेही तसंच. गाडी फसते ती डांबर सोडल्यावर, कारण टायरमध्ये हायवेची हवा तशीच असते.

३२-३५ पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) टायर वाळू कापत खाली जातो. तोच १६-१८ वर आणला की खालून फुगून पसरतो, जमिनीला टेकणारा पट्टा लांबतो आणि गाडी वाळूवर तरंगते. हवा गेजने मोजूनच सोडा. अगदीच रुतलात तर १२. त्याखाली स्टिअरिंग झटक्यात वळवलं तर टायर रिममधून निसटतो. हवा भरायचा पंप बॅटरीला थेट क्लिपा लावायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप मोठ्या टायरवर तापून बंद पडतो, कधी फ्यूजही उडवतो. डांबरावर परतलात की आधी हवा भरा, कमी हवेवर पळवलेल्या टायरची साइडवॉल तापून फाटते.

वाळूत फोर-बाय-फोर लो (चारही चाकांना जोर, वेग कमी पण ताकद जास्त), दुसरा गियर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. नाहीतर चाक घसरताच तो इंजिनचा जोर तोडतो आणि वेग नको तिथे मरतो. (फ्रंट व्हील ड्राइव्हची, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना जोर मिळणारी एसयूव्ही दिसायलाच एसयूव्ही. ती डांबरावरच ठेवा.) थांबताना ब्रेक दाबू नका, चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. पाय उचला, आणि तोंड उताराकडे ठेवून थांबा. धोरा, म्हणजे वाळूची टेकडी, सरळ चढा, सरळ उतरा. आडवी गाडी कलंडते. माथ्याच्या अलीकडे थांबून पायी जाऊन पलीकडे बघा, वाऱ्याच्या आडोशाची बाजू ३०-३४ अंशांची असते. उतरताना मागचा भाग सरकू लागला तर स्टिअरिंग उताराकडेच वळवा आणि हलका ॲक्सिलरेटर द्या.

चाक जागीच फिरलं की लगेच थांबा. रेटा दिला तर दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. मग लोक चाकांपुढची वाळू उपसतात आणि गाडी ढिम्म हलत नाही, कारण वजन पोटाखालच्या वाळूवर असतं. आधी पोट मोकळं करा, मग चारही चाकांपुढे उतरता चर काढा, चाकांखाली सॅण्डट्रॅक (चाकाला पकड देणारी खाचांची पट्टी) किंवा जाड पायपुसणी सारा आणि हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. बहुतेकदा आल्या वाटेने मागे घेणं सोपं पडतं, तिथली वाळू दबलेली असते. दुसऱ्या गाडीने ओढायचं तर दोर टो हुकलाच (गाडी ओढण्यासाठीचा तिचा हुक) बांधा, बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला कधीच नाही, आणि माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभी करा.

माणशी दिवसाला ५ लिटर पाणी, फावडं, पंक्चर किट. विलायती बाभळीचा काटा टायर सोडत नाही. राष्ट्रीय मरू उद्यानाच्या कुंपणात शिरू नका. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी झालं तो माळढोक पक्षी इथे उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. तनोटकडे निघताना रामगढलाच टाकी भरा. अंधारात गाडी हाकू नका, तापलेल्या डांबरावर गाई बसलेल्या असतात आणि त्या दिव्याला उठत नाहीत.