एटीकेटीचं गणित इथे चालत नाही: व्हेटच्या प्रवेशासाठी विषय रिपीट करताना या चुका टाळा

आपल्याकडे एखादा पेपर राहिला की एटीकेटी लागते. पुढच्या खेपेला तो निघतो आणि नवे मार्क आले की जुन्यांचं नाव कुणी काढत नाही. बारावीला टक्के कमी पडले तर श्रेणीसुधारला बसायचं आणि जी मार्कलिस्ट बरी असेल ती पुढे करायची. अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली तरी आपल्या पिढीच्या डोक्यात हेच पक्कं बसलेलं आहे. त्यामुळे लेकीला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी आला की घरातून पहिला सल्ला मिळतो, "अगं, पुन्हा दे ना, त्यात काय!"

मी इथे एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅब घेते. दर उन्हाळ्यात माझ्या वर्गात रिपीटवाली मुलं असतात आणि त्यांतली बरीच व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, व्हायचं म्हणून आलेली असतात. हुशार असतात, कष्टाळू असतात. पण त्यांतल्या निम्म्यांनी तरी तो कोर्स पुन्हा घ्यायलाच नको होता, असं मला दरवर्षी वाटतं. मुलं काही मराठी लेख वाचणार नाहीत, म्हणून हे आईबाबांसाठी लिहिते आहे. फीचा चेक शेवटी तेच फाडतात.

पहिली चूक: जुनी ग्रेड पुसली गेली असं धरून चालणं

इथल्या अनेक युनिव्हर्सिट्यांत "ग्रेड फरगिव्हनेस" नावाची सोय असते. कोर्स पुन्हा घेतला की युनिव्हर्सिटी आपल्या जीपीएतून, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीतून, जुनी ग्रेड वगळते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत मार्कलिस्टवर, छान आकडा दिसतो आणि घरात पेढे येतात.

पण व्हेट कॉलेजांचे बहुतेक अर्ज व्हीएमकॅस या एकाच केंद्रीय यंत्रणेतून जातात. अमेरिकेतल्या व्हेट कॉलेजांची संघटना, म्हणजे एएव्हीएमसी, ती चालवते. टेक्सससाठी टीएमडीएसएएस नावाची वेगळी यंत्रणा आहे. व्हीएमकॅस जीपीए स्वतः नव्याने काढतं आणि त्यात प्रत्येक वेळची ग्रेड धरतं. तुमच्या युनिव्हर्सिटीने कितीही उदारपणे माफ केलेलं असो, इथे माफी नाही. मग ट्रान्सक्रिप्टवर ३.४ असलेली मुलगी अर्जात ३.१ बघते आणि काहीतरी चुकलंय म्हणून फोन करत बसते. चुकलेलं काहीच नसतं.

गणितच करून बघा. दर क्रेडिटला ए म्हणजे ४ गुण, बी ३, सी २; आणि क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन. १२० क्रेडिटं आणि जीपीए ३.१ म्हणजे खात्यात ३७२ गुण. चार क्रेडिटच्या ऑरगॅनिकला सी होता, तो पुन्हा घेऊन ए मिळवला. जुना सी पुसला गेला असता तर जीपीए ३.१७ च्या आसपास गेला असता. दोन्ही धरल्यावर ३७२ अधिक १६ भागिले १२४, म्हणजे ३.१३. अख्ख्या सेमिस्टरच्या घामाची कमाई तीन शतांश.

आता यातली मेख. त्याच चार क्रेडिटांचा एखादा नवा, वरच्या पातळीचा कोर्स घेतला, समजा फिजिऑलॉजी किंवा इम्युनॉलॉजी, आणि त्यात ए आणला, तर व्हीएमकॅसच्या एकूण जीपीएत किती फरक पडतो? तितकाच. ३.१३. जुनी ग्रेड दोन्हीकडे जागच्या जागी राहते, त्यामुळे आकड्याला रिपीट आणि नवं यातला भेद कळत नाही. अर्ज वाचणाऱ्या माणसाला मात्र कळतो. दुसऱ्या खेपेला ए आला यात त्याला नवल नसतं. पहिल्याच खेपेला अवघड कोर्समध्ये ए आला तर तो थांबून बघतो.

हा गोंधळ थोडा मेडिकलवाल्यांमुळेही झालाय. ऑस्टिओपॅथिक कॉलेजांच्या, म्हणजे एमडीऐवजी डीओ डिग्री देणाऱ्या मेडिकल कॉलेजांच्या, अर्जात पूर्वी रिपीटची नवी ग्रेडच धरत. २०१७ मध्ये तेही बंद झालं. पण कुणाच्या तरी चुलतभावाने तेव्हा फायदा घेतलेला असतो आणि ती गोष्ट मंडळाच्या गणपतीत अजून फिरते.

मग रिपीट करायचं तरी कधी?

इथे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि लोक तिन्हींवर एकच गोळी देतात.

सी मायनस, डी किंवा एफ असेल आणि तो विषय सक्तीचा असेल तर बहुधा पर्याय नाही. बऱ्याच कॉलेजांना सक्तीच्या विषयात किमान सी लागतो, काही ठिकाणी सी मायनस चालतो. अट पुरी होत नसेल तर बाकी जीपीए कितीही असला तरी अर्ज तिथेच अडतो. इथे रिपीट जीपीएसाठी नसतं, दार उघडण्यासाठी असतं.

साधा सी असेल तर खरी विचार करण्याची जागा. सक्तीच्या विषयांचा वेगळा जीपीए काढणारी कॉलेजं आहेत. त्यांतली काही रिपीटची नवी ग्रेड धरतात, काही दोन्हींची सरासरी काढतात. ज्या सहा-सात ठिकाणी अर्ज करायचा आहे तिथला नियम वाचल्याशिवाय हा निर्णय होऊच शकत नाही. एएव्हीएमसीच्या संकेतस्थळावर सगळ्या कॉलेजांच्या अटी एकत्र मिळतात. तिथून सुरुवात करा आणि मग प्रत्येक कॉलेजचं स्वतःचं पान उघडा, कारण अटी दरवर्षी हलतात. एक वही करा: कॉलेज, किमान ग्रेड, रिपीटचा नियम, विषय किती वर्षांपूर्वीचा चालतो. हा शेवटचा रकाना विसरू नका. काही कॉलेजांना विज्ञानाचे विषय सहा, आठ किंवा दहा वर्षांच्या आतलेच लागतात. नोकरी करून परत वळलेल्यांना बी असूनही कोर्स पुन्हा घ्यावा लागतो, तो याच कारणाने.

आणि बी असेल, विषय जुना झालेला नसेल तर? हात लावू नका. बी रिपीट करून पुन्हा बीच आलेली मुलं मी पाहिली आहेत. तेल गेलं, तूप गेलं, हाती आलं धुपाटणं.

शेवटच्या ४५ क्रेडिटांकडे दुर्लक्ष

रिपीटच्या नादात लोकांना ही खिडकी दिसतच नाही. बरीच कॉलेजं एकूण जीपीएबरोबर शेवटच्या ४५ सेमिस्टर क्रेडिटांचा जीपीए वेगळा बघतात. पहिल्या वर्षी घर सुटल्यावर गडगडलेल्या आणि नंतर सावरलेल्या मुलांसाठी हा आकडा म्हणजे देवाची कृपा.

समजा या ४५ चा जीपीए ३.२ आहे. १२ क्रेडिटं नवी घेतली, सगळ्यांत ए आला. खिडकी पुढे सरकते, जुनी १२ बाहेर पडतात. ती बी ग्रेडची असली तर नवा आकडा होतो जवळपास ३.४७. त्याच १२ क्रेडिटांनी एकूण जीपीए मात्र ३.१ वरून ३.१८ वरच जातो. एकच मेहनत, दोन आकड्यांवर केवढा वेगळा परिणाम!

एक पथ्य मात्र पाळा. डिग्रीनंतरची क्रेडिटं या ४५ मध्ये धरायची की नाही, मास्टर्सची धरायची की नाही, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. "मास्टर्स केलं की जीपीए धुऊन निघतो" हा समज महागात पडलेली माणसं माझ्या माहितीत आहेत. अनेक ठिकाणी मास्टर्सच्या कोर्सेसचा हिशेब वेगळ्या खात्यात राहतो आणि पहिल्या डिग्रीचा जीपीए आहे तसाच उरतो.

तोच अभ्यास, तशीच ग्रेड

माझ्या वर्गातलं खरं दुखणं हे आहे. मूल कोर्स रिपीट करतं, पण अभ्यासाची पद्धतही रिपीट करतं. तेच व्हिडिओ, तेही दुप्पट वेगाने. तीच गणितं, उत्तर शेजारी उघडं ठेवून. "कळलं मला" असं म्हणतात आणि खरंच कळलेलं असतं, पण ते दुसऱ्याचं उत्तर. पेपरात कोरा कागद समोर येतो तेव्हा हातातून काही उतरत नाही.

ऑरगॅनिक दोनमध्ये आपटलेल्यांची दुखापत बहुतेक वेळा ऑरगॅनिक एकमध्ये झालेली असते, कधीकधी त्याच्याही मागे जनरल केमिस्ट्रीत. आम्ल कोणतं, आम्लारी कोणती, पीकेए कमी म्हणजे काय, रेझोनन्समध्ये इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतात, हे पक्कं नसेल तर कार्बोनिलच्या सगळ्या अभिक्रिया म्हणजे पाठांतराचा डोंगर. मूल डोंगर चढतं, परीक्षेला निम्मा विसरतं, सी घेतं. तोच डोंगर पुन्हा चढवून काय होणार? मी अशांना कोर्स सुरू व्हायच्या आधी चार आठवडे फक्त मागचं करायला लावते. इलेक्ट्रॉन कुठे सरकतात ते दाखवणारे बाण रोज पंधरा काढायचे, उत्तर झाकून. कंटाळवाणं आहे, पण लागू पडतं.

त्याआधी एक काम: पहिल्या खेपेचे जुने मिडटर्म शोधा. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर कारण लिहा. माहीतच नव्हतं, माहीत होतं पण वेळेत सुचलं नाही, की हिशेबाची चूक? तीन रकाने. माहीत नव्हतं हा रकाना भरला तर शिकवणी हवी. वेळेचा भरला तर घड्याळ लावून सराव हवा. आणि मूल त्या सेमिस्टरला आजारी होतं, एकटं पडलं होतं किंवा आठवड्याला तीस तास काम करत होतं असं निघालं, तर केमिस्ट्रीचा प्रश्नच नव्हता. ती परिस्थिती बदललेली नसेल तर फी भरू नका.

सोपं जाईल तिथे घेऊ

काही युनिव्हर्सिट्या सी असताना पुन्हा बसू देत नाहीत, म्हणून अनेकजण आमच्यासारख्या कम्युनिटी कॉलेजात येतात. यात कमीपणा काही नाही. सुरुवातीचे विषय बहुतेक व्हेट कॉलेजं मान्य करतात. घोळ होतो बायोकेमिस्ट्रीसारख्या विषयात. तो पुष्कळ ठिकाणी चार वर्षांच्या कॉलेजातला, वरच्या पातळीचाच लागतो. लॅब ऑनलाइन चालेल का, हे आधी विचारा. ग्रेडऐवजी पास-फेल घेतलं तर सक्तीचा विषय कित्येक ठिकाणी धरतच नाहीत.

दुसरं, एका सेमिस्टरला एकच रिपीट आणि बाकी सगळं हलकंफुलकं, असा ए फारसा वजनदार ठरत नाही. व्हेटच्या पहिल्या वर्षी ॲनॅटॉमी, फिजिऑलॉजी, हिस्टॉलॉजी एकदम अंगावर येतात. मुलाला दोन-तीन विज्ञानाचे विषय एकत्र झेपतात, हे दिसायला हवं.

फेडरल मदत, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षणासाठीचं साहाय्य, घेत असाल तर एक नियम: पास झालेला कोर्स पुन्हा घेताना ती मदत एकदाच लागू होते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांना पूर्णवेळ भरताना सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स, फार तर तीन क्रेडिटांचा, धरता येतो. रिपीट ऑनलाइन घेण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या.

वेळापत्रक उलटं धरणं

व्हीएमकॅसची मुदत साधारण सप्टेंबरच्या मध्याला संपते. ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या रिपीटची ग्रेड डिसेंबरात येते. म्हणजे पहिली चाळण होते तेव्हा अर्जात जुना सी आणि समोर "सुरू आहे" एवढंच. ग्रेडचा उपयोग व्हायचा असेल तर वसंतात किंवा उन्हाळ्यात रिपीट उरका आणि ट्रान्सक्रिप्ट वेळेत पाठवा. उन्हाळ्याचा कोर्स सहा-आठ आठवड्यांत कोंबलेला असतो, हेही लक्षात ठेवा. आधीच दमछाक झालेल्या विषयासाठी तो वेग बरा नाही.

शिवाय उन्हाळा हाच दवाखान्यात काम करायचा काळ. व्हेटच्या हाताखालचे तास आणि नुसते प्राण्यांबरोबरचे तास अर्जात वेगळे मोजतात. शेल्टरमध्ये कुत्री फिरवली ते दुसऱ्या खात्यात. रिपीटपायी सलग दोन उन्हाळे गेले तर शिफारसपत्र देणारा डॉक्टर आणायचा कुठून?

लपवणं

शाळेत असताना घेतलेला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स, मध्येच सोडलेलं सेमिस्टर, दुसऱ्या गावी घेतलेला डी. सगळ्या कॉलेजांचे ट्रान्सक्रिप्ट द्यावे लागतात, सगळे प्रयत्न भरावे लागतात आणि रिपीट केलेल्या कोर्सवर तशी खूण करावी लागते. मध्येच सोडलेल्या कोर्सचा डब्ल्यू हा शेरा जीपीएत धरत नाहीत, पण दिसतो. सांगायचं असेल तर दोन-चार वाक्यांत सांगा: काय झालं, नंतर काय बदललं. प्रोफेसर कडक होते, हे त्यात नको.

आणि परळवाल्यांसाठी

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं: "भाचीने परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बीव्हीएससी केलंय, लग्न होऊन इकडे येतेय, तिला हे सगळे विषय पुन्हा घ्यावे लागतील का?" तिचा रस्ताच वेगळा आहे. परदेशातून व्हेट झालेल्यांची पात्रता तपासणारे दोन कार्यक्रम आहेत: व्हेट डॉक्टरांच्या संघटनेचा, म्हणजे एव्हीएमएचा, ईसीएफव्हीजी किंवा राज्यांच्या परवाना मंडळांच्या संघटनेचा, म्हणजे एएव्हीएसबीचा, पेव्ह. त्यांतला एक पुरा करायचा, नॅव्हली (NAVLE) ही लायसन्सची परीक्षा द्यायची, मग राज्याचं लायसन्स. व्हीएमकॅसच्या वाटेला तिने जायचं कारण नाही. तिला ऑरगॅनिकच्या वर्गात बसवू नका, माझ्याकडे आधीच गर्दी आहे.