ला पाझला जाऊन राहिले? मग पहिले दोन दिवस काहीच पाहू नका

आपल्या विदर्भातून कोणी बोलिव्हियाला निघालं की यादी करते, हे पाहू ते पाहू, पण ला पाझमधे आधी उंचीचं पहा भाऊ. शहर ३६५० मीटरच्या आसपास, अन विमानतळ त्याच्याही वर, शेजारच्या एल आल्तो शहरात, ४००० च्या वर. आपलं चिखलदरा अकराशेच्या आसपास, कळसूबाई १६४६, म्हणजे अंदाज घ्या. हवेचा दाबच कमी, त्यामुळे एका श्वासात गावच्या मानानं दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळते. पाणी ८८ डिग्रीलाच उकळते, तूरडाळ कुकरशिवाय शिजायचं नाव घेत नाही.

म्हणून बोलिव्हियातल्याच सांताक्रूझ शहराहून (चारशे मीटर) थेट विमानानं वर जाऊ नका. मधे कोचाबांबाला अडीच हजार मीटरवर दोन रात्री काढा, शरीराला सवय होते. पोचल्यावर हळू चाला, हलकं जेवा, दारू नको, पाणी भरपूर, अन हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात तो घ्या. उंचीच्या त्रासावरची गोळी असते डायमॉक्स, तिचं आधीच डॉक्टरला विचारा, बीपी-शुगरवाल्यांनी तर नक्कीच. डोकं थोडं दुखणारच, पण बसल्या बसल्या दम लागला किंवा चालताना तोल जाऊन राहिला तर थांबायचं नाही, सरळ डॉक्टर गाठा अन खाली उतरा. मुक्काम सोना सूर भागात घेतला तर तो मूळ शहरापेक्षा तीनेकशे मीटर खाली आहे, झोप बरी लागते.

मग फिरायचं ते केबल कारनं, तिचं नाव ‘मी तेलेफेरिको’, २०१४ ला सुरू झाली. इथं ती पर्यटकांची राइड नाही, आपल्या एसटीसारखी रोजची गाडी आहे, बाजूला शाळेची पोरं अन भाजीची गाठोडी घेतलेल्या, घेरदार घागरा अन गोल हॅट घातलेल्या बाया बसल्या असतात. लाल लाइन पकडून एल आल्तोला चढा, गुरुवारी किंवा रविवारी, कारण तेव्हाच १६ दे हुलियोचा बाजार भरते, जुन्या कपड्यांपासून गाडीच्या पार्टपर्यंत सगळं मिळते, मोबाईल मात्र आतल्या खिशात ठेवा. वरून खालचं अख्खं शहर अन आकाश मोकळं असलं तर ६४०० मीटर उंचीचा इयिमानी नावाचा बर्फाचा डोंगर दिसते, त्याच्यासाठी मे ते ऑक्टोबर बरा, जून-जुलैत रात्री स्वेटर नाही, जाड जॅकेटच लागते. पिवळ्या लाइननं उतरत गेलं की सोना सूरकडे जाता येते.

शाकाहारींनी शेंगदाण्याचं सूप दिसलं म्हणून लगेच मागवू नका, ते बहुतेक मांसाच्या पाण्यातच करतात, आधी ‘सिन कार्ने?’ म्हणजे ‘बिना मांसाचं?’ असं विचारायचं. किनोआ, बटाटे, मका भरपूर मिळते.

यलो फीव्हरची लस निघायच्या निदान १० दिवस आधी घ्या, परत येताना भारतात ते कार्ड पाहतात. अन कोकाची पानं, चहाच्या पुड्या बॅगेत टाकू नका, तिथं चालते, आपल्याकडे बेकायदेशीर आहे.