थीम पार्कमध्ये जेवायचं कुठे? या चुका टाळा

थीम पार्कच्या सहलीची तयारी करताना राइडची यादी होते, कोणती आधी आणि कोणती नंतर यावर घरात वादही होतात. जेवणाचा विषय मात्र 'आत मिळेल काहीतरी' या एका वाक्यात संपतो. मिळतं, नाही असं नाही. फक्त ते भर दुपारी, अर्धा तास रांगेत उभं राहून मिळतं, आणि तोवर मुलं रडकुंडीला आलेली असतात.

गावात हॉटेल निवडताना आपण आधी चव बघतो. पार्कमध्ये हा क्रम उलटा लावावा लागतो: आधी वेळ, मग जागा आणि चव सगळ्यात शेवटी. तिकिटाचे पैसे त्या एका दिवसाचे मोजलेले असतात, आणि जेवणात गेलेला जास्तीचा प्रत्येक तास त्यातूनच वजा होतो.

सगळ्यांना भूक लागते तेव्हाच जेवायला जाणं

सकाळी गेट उघडताना आत शिरलेल्या सगळ्यांना साधारण एकाच वेळी भूक लागते. साडेबारा ते दोन या वेळात प्रत्येक काउंटरसमोर रांग असते, आणि स्वयंपाकघराचा वेग काही गर्दी बघून दुप्पट होत नाही. डिस्नेसारख्या कंपनीलाही हा अंदाज चुकला होता. 1992 साली पॅरिसजवळचं पार्क सुरू झालं तेव्हा लोक अमेरिकेतल्यासारखे दिवसभर, सवडीने खातील असं धरून आखणी झाली होती. तिथला पाहुणा मात्र साडेबाराच्या ठोक्याला जेवायला बसायचा. युरोपातले लोक सकाळी फारसं खात नाहीत असं समजून न्याहारीच्या जागाही लहान ठेवल्या होत्या, तिथेही रांगा लागल्या.

एक वाजताचं फूड कोर्ट एकदा नीट बघा. बाबा रांगेत आहेत, पण कोणाला काय हवंय ते त्यांना माहीत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी फोन चालू. आई दोन बॅगा आणि एक पाण्याची बाटली ठेवून टेबल अडवून बसलेली, आणि 'इथे कोणी आहे का?' असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून नकार देतेय. शेवटी ट्रे येतो तेव्हा एकाचं पेय चुकलेलं असतं, आणि ते बदलायला पुन्हा तीच रांग.

उपाय सोपा आहे. पहाटे उठून, जेमतेम काही खाऊन निघाला असाल तर अकराला जेवा. न्याहारी भरपेट झाली असेल तर अडीचनंतर. मधल्या वेळेसाठी बॅगेत काहीतरी कोरडं असू द्या. काही काउंटर मात्र सकाळी उशिरा उघडतात, त्यामुळे अकराचा बेत असेल तर तेवढी वेळ ॲपवर तपासून घ्या.

ॲपवरून ऑर्डर देण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ती 2017 पासून आहे. पण भूक लागल्यावर ॲप उघडलं तर सोयीच्या वेळा आधीच भरलेल्या असतात. सकाळी एखाद्या राइडच्या रांगेत उभे असतानाच दुपारची ऑर्डर देऊन टाका. आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी लोक उगाच ताटकळतात: तिथे पैसे भरले म्हणून लगेच स्वयंपाक सुरू होत नाही. काउंटरजवळ पोचल्यावर 'मी आलोय, तयार करा' अशा अर्थाचं बटण दाबावं लागतं. ते न दाबता वीस मिनिटं खांबाला टेकून उभे राहिलेले लोक हमखास दिसतात. 'माझी ऑर्डर अजून का आली नाही' म्हणून भांडायला जाण्याआधी फोनकडे बघा.

नकाशा न बघता जागा ठरवणं

पार्कमधलं सगळ्यात चांगलं रेस्टॉरंट कोणतं हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. दुपारी एकला तुम्ही पार्कच्या कोणत्या टोकाला असाल, हा खरा प्रश्न. डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कचंच बघा. तिथे एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत आणि नुसता वळसाच साधारण दोन किलोमीटरचा होतो. टेबल तळ्याच्या पलीकडच्या काठावर आणि तुमची राइड प्रवेशद्वाराजवळ, म्हणजे जेवणाआधीच पायांचे तुकडे. परत यायचं ते भरल्या पोटी, उन्हातून.

म्हणून दिवसाचा मार्ग आधी आखा आणि जेवण त्या मार्गावर बसवा. एखाद्या पदार्थासाठीच जायचं असेल तर दिवसाचा मार्गच त्या बाजूने वळवा, पण मग ते जाणूनबुजून करा.

जागा शोधताना आणखी एक: गेटजवळच्या आणि मोठ्या राइडच्या तोंडाशी असलेल्या काउंटरवर गर्दी सगळ्यात जास्त, कारण माणूस जे समोर दिसेल तिथे शिरतो. आतल्या कोपऱ्यातलं, वळणापलीकडचं, किंवा वरच्या मजल्यावर बसायची सोय असलेलं ठिकाण बऱ्याचदा निम्मं रिकामं असतं. जिना चढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तुम्ही चढा.

बुकिंग न करणं, किंवा नको तितकं करणं

मोठ्या पार्कमधली टेबल-सेवेची, म्हणजे बसल्या जागी वाढणारी ठिकाणं आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. डिस्ने वर्ल्डमध्ये 60 दिवस आधी बुकिंग उघडतं, आणि त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या 60 दिवस आधी एकदम दहा दिवसांपर्यंतची टेबलं घेता येतात. टोकियो डिस्नेमध्ये जागा महिनाभर आधी राखता येते. प्रत्येक पार्कचा नियम वेगळा असतो, तो तिकीट काढतानाच बघून ठेवायचा.

उलटी चूक मला जास्त वाईट वाटते: घाबरून रोजची दोन-दोन टेबलं घेऊन ठेवणं. बसून जेवायचं म्हणजे तास-दीड तास जातो, तिथवर जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. दिवसाला दोन जेवणं अशी झाली की तीन-चार तास गेलेच, आणि उरलेला दिवस 'आता निघायला हवं' म्हणत घड्याळ बघण्यात जातो. दिवसाला फार तर एक बुकिंग. चार-पाच दिवसांची सहल असेल तर एक दिवसाआड पुरे, मधल्या दिवशी काउंटरवर खा.

टेबल मिळालंच नाही तर आशा सोडू नका. बेत बदलले की लोक रद्द करतात, आणि शक्यतो दंड लागू होण्याच्या मुदतीआधी करतात. म्हणून आदल्या संध्याकाळी आणि त्याच दिवशी सकाळी पुन्हा शोधा. सहाजणांचं टेबल मिळत नसेल तर चार आणि दोन असं शोधून बघा. काही ठिकाणी आयत्या वेळच्या प्रतीक्षायादीत ॲपवरूनच नाव लावता येतं. तुम्हीच राइडमध्ये अडकलात तर मुदत असेपर्यंत बुकिंग रद्द करा. नुसतं न गेल्यास माणशी दंड आकारणारी ठिकाणं बरीच आहेत.

कार्टून पात्रं टेबलापाशी येतात त्या जेवणाबद्दल थोडं. तिथे पैसे भेटीचे असतात, जेवण जोडीला. हे मान्य असेल तर मजा आहे, नाहीतर 'एवढे पैसे दिले आणि हे वाढलं' असं होतं. लहान मूल आधी रस्त्यात एखाद्या मुखवटेवाल्या पात्राला भेटू द्या. ते किंचाळत मागे पळालं तर दीड तास त्याला टेबलाखालून बाहेर काढण्यात जाईल.

राइडच्या तोंडावर बुफे

बुफेचे पैसे वसूल करायचे म्हणून मनसोक्त खायचं आणि उठून रोलर कोस्टरला जायचं, ही चूक पोट तिथल्या तिथे दाखवून देतं. आतल्या कानाला शरीराची एक हालचाल जाणवते, डोळ्यांना वेगळीच दिसते, आणि त्या गोंधळातून मळमळ सुरू होते. तेलकट, जड जेवणाने ती वाढते. मोठ्या पडद्यासमोर खुर्ची हलवणाऱ्या राइड लोकांना सौम्य वाटतात, पण ज्यांना गाडी लागते त्यांना त्याच जास्त छळतात.

तेव्हा जोराच्या राइड आधी, बुफे नंतर, आणि बुफेनंतर तासभर एखादा खेळ, संग्रहालय किंवा सावकाश फिरणारी बोट. कोणाला मळमळलंच तर सावलीत बसवा, दूरच्या स्थिर वस्तूकडे बघायला सांगा, पाणी घोट-घोट द्या. फोन बघू देऊ नका. गरगर फिरणाऱ्या राइड निदान काही वेळ बंद.

'व्हेज आहे का?' एवढंच विचारून थांबणं

परदेशातल्या पार्कमध्ये या एका प्रश्नाचं उत्तर जवळपास नेहमी 'हो' येतं, आणि त्या 'हो'ला फारसा अर्थ नसतो. बटाट्याचे तळलेले काप शाकाहारीच, पण ते ज्या तेलातून निघाले त्यातूनच मासे आणि चिकनही निघालेलं असू शकतं. भाज्यांच्या सूपचा आधार मांसाचा स्टॉक, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेलं पाणी, असू शकतो. मार्शमॅलो आणि जेलीसारख्या गोडात बहुधा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं, काही चीजमध्ये दूध गोठवायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट. काही सॉसमध्ये मासे किंवा शिंपले असतात, आणि सॉसकडे कोणी संशयाने बघतच नाही.

म्हणून प्रश्न मोडून विचारा. हे तळायला वेगळं तेल आहे का? सूप कशात शिजवलंय? यात जिलेटिन आहे का? अंडं चालत नसेल तर तेही वेगळं सांगा, कारण बऱ्याच देशांत अंडं शाकाहारातच धरतात. आणि हे सगळं एकच्या गर्दीत विचारू नका. मागे वीस माणसं उभी असताना काउंटरवरचा मुलगा घाईत मान डोलावणारच. अकराला तोच मुलगा आत जाऊन विचारून येतो, कधी स्वयंपाकीच बाहेर येऊन बोलतो.

ॲलर्जी असेल तर सावधगिरी आणखी वर न्यायची. मोठ्या पार्कमध्ये ॲलर्जीची वेगळी यादी असते, ती मागून घ्या. ऑर्डर देताना तोंडाने सांगा, ट्रे घेताना पुन्हा खात्री करा. भाषा वेगळी असेल तर त्या देशाच्या भाषेत लिहिलेला कागद जवळ ठेवा. औषध खिशात हवं, लॉकरमध्ये नको.

बाहेरचं खाणं न्यायचं की नाही, हे गेटवर शोधणं

नियम एकसारखे नाहीत. डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःपुरते पदार्थ नेता येतात, काचेची भांडी आणि दारू नाही. टोकियोत बाहेरचं खाणं आत नेऊन खाण्याला मनाई आहे, त्यासाठी गेटबाहेर बसायची वेगळी जागा केलेली आहे. बाळाचं खाणं आणि आजारपणातलं पथ्य यांना बहुतेक ठिकाणी सवलत मिळते, पण आधी विचारून ठेवलेलं बरं. गेटबाहेर जाऊन जेवून परत यायचा विचार असेल तर पुन्हा प्रवेश आहे का, हेही बघा. काही पार्कमध्ये एकदा बाहेर पडलात की तिकीट संपलं.

डबा नेलाच तर तो उन्हात किती वेळ होता ते मोजा. शिजवलेलं अन्न थंड ठेवण्याची सोय नसेल तर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावं, असा अमेरिकेतल्या अन्नसुरक्षा खात्यांचा सल्ला आहे. दिवसभर पाठीवर वागवायला कोरडे पदार्थच योग्य.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसण्याआधी काउंटरवर विचारा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या झटपट-सेवा काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो, फक्त मागावा लागतो.

पॅकेज घेऊन मग खाणं शोधणं

जेवणाचं पॅकेज आणि कूपन आधी पैसे घेतात, म्हणून आत स्वस्त वाटतात. डिस्ने वर्ल्डचं डायनिंग पॅकेज 2020 मध्ये थांबलं होतं, ते 2024 पासून परत आलंय, आणि लोक लगेच घ्यायला धावतात. घेण्याआधी कागदावर मांडा: तुमच्या घरातली माणसं एका दिवसात खरंच काय खातील, आणि मेनूकार्डावरच्या दराने त्याचे किती होतात. कमी खाणाऱ्यांना आणि एकच जेवण दोघांत खाणाऱ्यांना पॅकेज बहुधा परवडत नाही. पुन्हा पुन्हा पेय भरून मिळणारा कप (मग) घ्यायचा असेल तर तो कुठे भरून मिळतो ते विचारा. डिस्नेच्या हॉटेलात विकला जाणारा मग हॉटेलात भरतात, थीम पार्कमध्ये नाही.

रात्रीचं जेवण आतषबाजीनंतर

आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकदम गेटकडे वळते, आणि आतली बरीच स्वयंपाकघरं तोवर बंद झालेली असतात किंवा व्हायच्या बेतात असतात. जेवण आतषबाजीच्या दीड-दोन तास आधी उरका. ते जमणार नसेल तर हॉटेलातलं स्वयंपाकघर किती वाजेपर्यंत चालू असतं ते सकाळी निघतानाच स्वागतकक्षात विचारून ठेवा, आणि उत्तर 'दहा' असेल तर खोलीत काहीतरी खायला आणून ठेवा.