सौर उष्णता आणि हीट पंप यांची जोडणी : कॅलगरीच्या थंडीतील घरासाठी

कॅनडातील कॅलगरी हे शहर 51 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर येतो आणि पारा कधीकधी उणे 30 अंशांपर्यंत उतरतो. तरीही हिवाळ्यातले आकाश पुष्कळदा निरभ्र असते. त्यामुळे इथे घर घेणारी मराठी कुटुंबे हमखास विचारतात, की गॅसच्या भट्टीऐवजी हीट पंप (विजेवर चालून बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारे यंत्र) बसवला आणि जोडीला छतावर सौर यंत्रणा घेतली, तर दोन्ही एकमेकांना पूरक ठरतील का. नक्कीच ठरतात, मात्र कोणता पाइप कोणत्या टाकीला आणि किती उंचीवर जोडला आहे, यावर सारे अवलंबून असते.

यंत्रे निवडण्याआधी घरातून किती उष्णता बाहेर जाते, याचा हिशेब एफ-280 या कॅनेडियन मानकानुसार करून घ्यावा आणि फटी बुजवून पोटमाळ्याचे इन्सुलेशन वाढवावे. हे न करता घेतलेला हीट पंप गरजेपेक्षा मोठा आणि महाग निघतो.

आता मुख्य तत्त्व. सौर संग्राहक (उन्हाने आतले पाणी किंवा द्रव तापवणारे छतावरचे पॅनेल) आणि हीट पंप या दोघांनाही कमी तापमानाचे काम मानवते. बाहेर उणे 15 अंश असताना संग्राहकाला 50 अंशांचे पाणी तापवायला लावले, तर मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग हवेतच जातो; तेच पाणी 15 अंशांचे असेल, तर हिवाळ्यातले कोवळे ऊनही कामी येते. हीट पंपाचेही तसेच आहे. जमिनीखालच्या नळ्यांत 35 अंशांचे पाणी फिरवून खोल्या उबदार ठेवता येत असतील, तर 55 अंशांच्या रेडिएटरपेक्षा वीज बरीच कमी लागते. म्हणून सूर्याला नेहमी सर्वांत गार पाणी द्यावे आणि उरलेले तापवण्याचे काम हीट पंपाकडे सोपवावे.

माझ्या घरी हाच क्रम चुकला होता. बसवणाऱ्याने दोन्ही यंत्रणा एकाच टाकीला, तळाच्या कॉइलवर (टाकीतल्या पाण्याला उष्णता देणाऱ्या वेटोळ्या नळीवर) जोडल्या होत्या. जानेवारीतल्या एका दुपारी बाहेर उणे 18 अंश आणि लख्ख ऊन असताना बेसमेंटमध्ये जाऊन पाहिले, तर नियंत्रकाच्या पडद्यावर संग्राहक 46 अंश आणि टाकीचा तळ 50 अंश दिसत होता, आणि सौर पंप (संग्राहकातली उष्णता टाकीत आणण्यासाठी द्रव फिरवणारा छोटा पंप) बंद होता. हीट पंपाने पहाटेच विजेवर सगळी टाकी तापवून ठेवल्याने सूर्याला द्यायला काही उरलेच नव्हते. नंतर नळाचे गार पाणी आधी वेगळ्या सौर टाकीत घेतले आणि तिथून कोमट झालेले पाणी हीट पंपाच्या टाकीत सोडले. तेव्हापासून संग्राहक 25 अंशांवर असला तरी सौर पंप सुरू होतो.

संग्राहक टाकीच्या तळापेक्षा 6 ते 8 अंशांनी अधिक गरम झाला की सौर पंप सुरू व्हावा आणि हा फरक 3 अंशांवर आला की थांबावा, असे नियंत्रक लावावे. संग्राहक दक्षिणेकडे 65 ते 70 अंशांच्या उभ्या कलाने बसवावेत, म्हणजे बर्फ घसरून पडतो आणि उन्हाळ्यात ते नको तितके तापत नाहीत. आतल्या नळ्यांत प्रोपिलीन ग्लायकॉल (गोठण्यापासून वाचवणारा द्रव) आणि पाणी निम्मे-निम्मे असले, तर ते उणे 30 च्या थंडीतही गोठत नाही. मात्र उन्हाळ्यात उकळत राहिलेले ग्लायकॉल आम्लधर्मी होऊन नळ्या खाते, म्हणून त्याची आम्लता दरवर्षी तपासावी. शेवटच्या टाकीतले पाणी लिजिओनेला हे रोगजंतू वाढू नयेत म्हणून 60 अंशांवर ठेवावे आणि न्हाणीघराकडे जाताना गार पाणी मिसळणारा मिश्रण-व्हॉल्व्ह लावून ते 49 अंशांवर आणावे. घरात लहान मुले असतील, तर या व्हॉल्व्हच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नये.

भू-उष्णतेवर चालणारा हीट पंप असेल, तर सूर्याची आणखी एक मदत होते. हिवाळाभर उष्णता ओढल्याने बोअरभोवतीची (उष्णता घेण्यासाठी जमिनीत खोल घेतलेल्या छिद्रांभोवतीची) जमीन वर्षागणिक गार होत जाते. उन्हाळ्यातली जास्तीची सौर उष्णता त्याच बोअरमध्ये सोडल्यास ती भरून निघते. कॅलगरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स येथे 2007 पासून 52 घरांची अशी साठवण 144 बोअरमध्ये होत असे, आणि एका हिवाळ्यात तर घरे उबदार ठेवण्याची सगळी गरज तिने भागवली. तिथे अनेक घरांचा साठा एकत्र होता. एकट्या घराच्या एक-दोन बोअरमधली उष्णता आजूबाजूच्या मातीत लवकर पसरते, म्हणून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी मात्र वीज देणारी सौर पॅनेल आणि हवेतून उष्णता घेणारा हीट पंप हीच जोडी सुचवेन. पॅनेल उन्हातील सुमारे 20 टक्के ऊर्जेची वीज करते आणि हीट पंप त्या विजेच्या तिप्पट उष्णता देतो, तेव्हा एकूण फळ चांगल्या संग्राहकाच्या जवळ जाते. शिवाय उन्हाळ्यातली जास्तीची वीज ग्रिडला देता येते. कडाक्याच्या थंडीत हे तिप्पट प्रमाण दुपटीवर किंवा त्याहूनही खाली येते, म्हणून पूरक हीटर ठेवावाच. बाहेरचे युनिट बर्फाच्या थराहून उंच स्टँडवर ठेवावे आणि बर्फ वितळून पडणारे पाणी पायवाटेवर गोठणार नाही, अशी जागा निवडावी.

पहिल्या हिवाळ्यात दर आठवड्याला सौर पंप किती तास चालला आणि हीट पंपाने किती युनिट वीज घेतली, हे वहीत लिहावे. ऊन असूनही पंपाचे तास शून्य दिसले, तर आधी टाकीच्या तळाचे तापमान पाहावे.