जुनी पोर्टा केबिन किंवा कंटेनर नव्या कामासाठी घेताय? या चुका टाळा

महामार्गाचं, मेट्रोचं किंवा धरणाचं काम संपलं की साइट ऑफिसच्या पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या खोल्या, आणि मजुरांची बंक हाऊस विक्रीला निघतात. उरण-पनवेल पट्ट्यातल्या यार्डांमधून जुने कंटेनरही मिळतात. त्यातून गावात अभ्यासिका, लहानसा दवाखाना, शेतावरची खोली, कोकणात होमस्टे उभा राहतो. हे व्हायलाच हवं. चांगलं लोखंड भंगारात जाण्यापेक्षा त्यात मुलं अभ्यास करत बसली तर त्याहून छान काय? पण बरेच जण नवा रंग आणि आतलं लॅमिनेट बघून सौदा करतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यात डोकं धरून बसतात. सुरुवातीचा पैसा तळ, छप्पर आणि अर्थिंग यांवरच गेला पाहिजे, या मताशी मी ठाम आहे. शोभेचं सगळं नंतर.

वरून बघून घेणं

केबिन बघायला जाताना हातोडी आणि टॉर्च न्या आणि आधी खाली वाका. तळाच्या सी-चॅनेलवर (इंग्रजी C आकाराच्या लोखंडी तुळईवर) हलके ठोके मारत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. धड लोखंड खणखणीत वाजतं. सडलेल्या जागी आवाज बसका येतो आणि गंजाचे पापुद्रे हातावर पडतात. कोपरे, दाराचा उंबरा आणि टॉयलेटखालचा भाग इथे जास्त वेळ द्या, कारण पाणी तिथेच साचतं. खालच्या बाजूला ताजा रेडऑक्साइड (गंजरोधक तांबडा रंग) दिसला तर स्क्रॅपरने थोडा खरवडून बघा. एखाद-दुसरा तुकडा बदलता येतो, पण लांबीचे दोन्ही मुख्य चॅनेल गेले असतील तर ती केबिन भंगाराच्या भावातसुद्धा महाग पडते. वाहतूक आणि हायड्राचं (उचलणाऱ्या क्रेनचं) भाडं तुम्हाला भरावंच लागणार असतं.

कंटेनरच्या दारावर एक धातूची पाटी असते. कंटेनर कधी बनला आणि त्याच्या लाकडी भागाला कोणतं रसायन दिलंय, हे तिच्यावर वाचायला मिळतं. जमीन साधारण २८ मिलिमीटर जाडीच्या प्लायची असते आणि कीड लागू नये म्हणून त्यावर कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते. आत माल काय काय वाहून नेलाय, ते मात्र कुणीच सांगू शकत नाही. माणसं राहणार किंवा मुलं बसणार असतील तर ते प्लाय काढून नवं टाका. वरून नुसतं विनाइल चिकटवलं की वास आत कोंडून राहतो आणि उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशी मालकीचे कंटेनर सहसा सहा महिन्यांत परत नेण्याच्या अटीवर कस्टम ड्युटी न भरता देशात येतात. असा कंटेनर इथेच विकायचा तर आधी ड्युटी भरावी लागते. म्हणून बिलासोबत ड्युटी भरल्याचा कागद मागा. तो देताना टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

केबिन आणि कंटेनर एकच समजणं

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. कंटेनर चार कोपऱ्यांवर उभा राहण्यासाठीच बनवलेला असतो. भार कोपऱ्याच्या खांबांतून खाली जातो आणि नालीदार पत्र्याच्या भिंती सगळा सांगाडा ताठ ठेवतात. पोर्टा केबिनचं तसं नसतं. तिला चार कोपऱ्यांवर ठेवलं की मधला भाग हळूहळू खाली बसतो. तिच्या लांबीखाली ठरावीक अंतरावर पेडेस्टल, म्हणजे आधाराचे बुटके खांब, द्यावेच लागतात.

उलट, कंटेनरची लांब भिंत कापून मोठी काच बसवली की त्याची ताकद तिथेच संपते. आधी उघडणीभोवती बॉक्स पाइपची चौकट वेल्ड करायची, वरच्या रेलला (छताच्या कडेच्या लांब तुळईला) आधार द्यायचा आणि मगच ग्राइंडर लावायचा. दोन कंटेनर शेजारी ठेवून मधल्या दोन्ही भिंती काढायच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बीम आणि खांबांचं डिझाइन करून घ्या. हे फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडायचं काम नाही.

वापर बदलला की भारही बदलतो, हेही राहून जातं. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, ऑफिसला २५०, वर्गाला ३००. पुस्तकांच्या रॅकसाठी तो ६००च्या घरात जातो. त्यामुळे साइट ऑफिसच्या केबिनचं वाचनालय करताना खाली जादा आडवे चॅनेल टाकावे लागतात, नाहीतर रॅक पुढे झुकायला लागतात.

दार अडकलं म्हणून दार तासणं

सुताराला बोलावण्याआधी पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची लेव्हल घ्या. मग टेपने दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक आला तर दोष दाराचा नाही, केबिन खाली बसली आहे. काळ्या मातीत हे हमखास होतं. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर नुसते ब्लॉक मांडून ठेवलेली केबिन तिच्याबरोबर वरखाली होते. पाया काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत न्या. केबिन जमिनीपासून फूट-दीड फूट वर ठेवा म्हणजे खाली हवा खेळेल आणि गंज दिसेल. कडेने जाळी लावली की साप-उंदीर आत शिरत नाहीत.

जमीन पायाखाली लचकत असेल तर प्लाय भिजलाय किंवा आडवे चॅनेल फार लांब-लांब आहेत. वर दुसरा प्लाय ठोकून हे झाकलं जातं, बरं होत नाही.

प्रत्येक थेंबाला गळती म्हणणं

पाऊस नसताना हिवाळ्यात पहाटे छतावरून थेंब पडत असतील तर ते माणसांच्या श्वासातलं आणि स्वयंपाकाच्या वाफेतलं पाणी असतं. ते थंड पत्र्यावर जमतं. कितीही सिलिकॉन भरा, थांबणार नाही. त्याला इन्सुलेशन आणि वायुवीजन हाच उपाय. कोकणात पावसाळ्यात एसी चालू असेल तर उलटं घडतं. बाहेरची दमट हवा फटींतून आतल्या थंड पॅनेलपर्यंत पोचते आणि पॅनेलमागचं ग्लासवूल (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) आतल्या आत भिजतं. भिजलेलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही, लोखंड मात्र सडवतं. अशा ठिकाणी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये घट्ट फोम भरलेलं) घ्या आणि सांधे बाहेरून नीट बंद करा.

खरी गळती असेल तर डांबर फासू नका. डांबराखाली गंज वाढत राहतो. गंजका तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करा. कंटेनरच्या छतात थेट स्क्रू मारून वरची शेड बसवणारेही भेटतात. त्यातला प्रत्येक स्क्रू हे पाण्याला एक नवं भोक आहे. शेडची फ्रेम कोपऱ्याच्या खांबांवर किंवा वरच्या रेलवर वेल्ड करा, आणि शेड व छत यांत फूटभर मोकळी जागा ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात हीच शेड खोली राहण्याजोगी करते.

जिवावर बेतणाऱ्या दोन चुका

पहिली, पॅनेल बसवल्यावर वेल्डिंग करणं. पफ किंवा थर्माकोलच्या पॅनेलमध्ये गेलेली ठिणगी आतल्या आत धुमसते आणि कामगार जेवायला गेल्यावर पेट घेते. वेल्डिंग आणि कटिंग आधी पूर्ण करा. जुना रंग ग्राइंडरने उडवताना मास्क हवाच, कारण जुन्या औद्योगिक रंगांत शिसं आणि क्रोमेट असू शकतं. वर्ग किंवा दवाखाना असेल तर बाहेर उघडणारी दोन दारं ठेवा.

दुसरी, अर्थिंग. लोखंडी खोलीत एक वायर उघडी पडली की भिंत, दार, खिडकी सगळ्यांत करंट येतो. पत्र्याच्या भोकातून वायर तशीच ओढली की धारेवर तिचं आवरण कापलं जातं, तेव्हा भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) हवाच. केबिनची बॉडी दोन ठिकाणी अर्थ करा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. हात लावल्यावर बारीक झिणझिणी आली तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. ‘थोडंसं लीकेज आहे’ म्हणत कुणाला आत बसवू नका, मुलांना तर मुळीच नाही.

पाया नाही, मग परवानगी कशाला?

हे ऐकून जमिनीवर आणलेली केबिन पुन्हा उचलावी लागते. हलवता येते म्हणून ती बांधकामात मोजली जात नाही, असं नाही. शेतजमिनीवर व्यवसाय करायचा तर एनएचा, म्हणजे बिगरशेती वापराचा, प्रश्न येतो. किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामाचा नियम, लागू होतो. ॲडव्हान्स देण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्या.

किनाऱ्यावर केबिन पायाला बोल्टने बांधणंही तितकंच जरुरीचं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा वारा पत्र्यांचं काय करतो ते रायगडने पाहिलं. वीस फुटी रिकामा कंटेनर सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. पोर्टा केबिन त्याहून हलकी असू शकते, आणि वाऱ्याला अंग तेवढंच देते. आणण्याच्या आदल्या दिवशी रस्ता स्वतः फिरून बघा: वळणं, कमानी, खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारा. हायड्रा उभी राहील ती जागा घट्ट आहे का, तेही बघा. पावसाळा सुरू झाला असेल तर थांबा. शेतात रुतलेला ट्रेलर बाहेर काढायला दुसरी हायड्रा बोलवावी लागते.