पूलच्या व्हॉल्व्हला मोटर: आधी पाण्याची वाट, मग वायर

पोहण्याच्या तलावाच्या, म्हणजे पूलच्या, पाइपांवरचा व्हॉल्व्ह आपोआप फिरवणारी मोटर बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. घोटाळा होतो तो पाण्याच्या वाटेत. म्हणून आधी कागदावर पाइपांचं चित्र काढा आणि व्हॉल्व्हच्या प्रत्येक स्थितीत, अगदी मधल्यासुद्धा, पंपाला पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बोटाने फिरवून बघा. एका जरी स्थितीत वाट पूर्ण बंद होत असेल तर तिथे मोटर नकोच. सक्शन (पंपाकडे येणारं पाणी) बंद झालं की पंप कोरडा फिरतो आणि त्याचं सील जळतं. रिटर्न (पूलमध्ये परत जाणारं पाणी) बंद झालं की फिल्टरवर दाब चढतो. सगळं सक्शन एकाच तळजाळीवर येईल अशी स्थितीही ठेवू नका, कारण एकट्या जाळीला माणूस चिकटून अडकू शकतो.

आता बसवणं. पंप मेन स्विचपासून बंद करा आणि फिल्टरवरच्या हवेच्या नॉबने दाब काढून टाका. व्हॉल्व्हचा दांडा हाताने फिरवून बघा. जड जात असेल तर झाकण उघडून ओ-रिंगला (दांड्याभोवतीच्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलीन नको, त्याने रबर फुगतं आणि दांडा आणखी घट्ट होतो. हाताला जड जाणारा व्हॉल्व्ह मोटरला झेपेल या आशेवर राहू नका. मग हँडल आणि झाकणाचे ठरावीक स्क्रू काढा, मोटर दांड्यावर बसवा, तिच्यासोबत आलेले लांब स्क्रू आवळा आणि हँडल मोटरच्या डोक्यावर लावा.

पूलच्या बहुतेक मोटरी २४ व्होल्ट एसीवर चालतात आणि साधारण पाऊण अँपिअर घेतात, म्हणजे सुमारे १८ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर). दोन मोटरींना ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर जेमतेम पुरतो, ६० व्हीएचा घेतलेला बरा. वायरी तीन: काळी कॉमन, लाल आणि पांढरी दोन दिशांच्या. तरी मोटरच्या झाकणाआतलं लेबल वाचाच. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक काळीला, दुसरं रिलेच्या (कंट्रोलरच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचच्या) कॉमनला; रिलेच्या एनओला (एरवी तुटलेलं टोक) लाल, एनसीला (एरवी जोडलेलं टोक) पांढरी. रिले ओढला की मोटर एका टोकाला जाते, सुटला की परत येते. टोकाला पोहोचल्यावर आतला मायक्रोस्विच करंट तोडतो, म्हणून रिले तासन्‌तास ओढलेला राहिला तरी बिघडत नाही.

पूल आणि स्पा (गरम पाण्याचं छोटं कुंड) असेल तर सक्शन आणि रिटर्न दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी वळले पाहिजेत. एक मागे राहिला तर स्पा रिकामा होतो किंवा ओसंडतो. दोन कॉन्टॅक्टचा एकच रिले वापरा आणि प्रत्येक मोटरला स्वतंत्र कॉन्टॅक्ट द्या. दोन्ही लाल वायरी एकत्र पिळल्या तर एका मोटरमधून दुसरीत उलटा प्रवाह शिरू शकतो, आणि टोकाशी पोचलेला व्हॉल्व्ह थरथरत राहतो.

दिशा उलटी निघाली तर वायरी उपटू नका. मोटरच्या बुडाशी असलेला छोटा टॉगल दुसऱ्या बाजूला करा, काम झालं. मधली जागा ‘बंद’ची: तिथे मोटर निर्जीव असते आणि हँडल हाताने फिरतं. ‘काल चालत होती, आज हलत नाही’ या तक्रारीत पहिलं बोट या टॉगलवर ठेवायचं.

मोटर बहुतेक वेळा कारखान्यातूनच १८० अंशांवर लावलेली येते. धबधब्याला थोडंच पाणी हवं असेल तर मोटरचं झाकण उघडून कॅम (मोटर कुठे थांबायची ते ठरवणारी दातेरी चकती) सरकवा. दोन कॅम, दोन टोकं. एका वेळी एकच हलवा, तोही एखादा दात, आणि प्रत्येक वेळी मोटर पूर्ण फेरी फिरवून बघा. पूलकडची वाट थोडी उघडी राहील असा कॅम लावला की पंपाचं पाणी कधीच अडत नाही.

कंट्रोलरमधला क्रम असा ठेवा: हीटर बंद, पंप आणखी काही मिनिटं चालू म्हणजे हीटर थंड होईल, मग पंप बंद, व्हॉल्व्ह वळवा, ४० सेकंद थांबा, पंप सुरू. पूर्ण फेरीला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, त्यावर थोडी सूट. पंप चालू ठेवून वळवलं तरी व्हॉल्व्ह वळतो, पण गिअर लवकर झिजतात. वेगनियंत्रित पंप असेल तर निदान वेग खाली आणा.

मोटर अचानक मेली तर झाकण उघडून तळ बघा. तिथे ओल किंवा गंज असेल तर दोष बहुधा पावसाचा नसतो. दांड्याची ओ-रिंग गळून पाणी खालून वर चढलेलं असतं. ओ-रिंग न बदलता नवी मोटर बसवलीत तर तीही त्याच वाटेने जाते.