चढावर दम सोडणारा हायड्रो ट्रॅक्टर कसा तपासावा

२०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत मी गोव्यात डिचोलीकडच्या एका खाणीवर एक्स्कॅव्हेटरची हायड्रॉलिकची कामं करायचो. त्यानंतर साखळीला छोटं गॅरेज टाकलं. पॉवर टिलर, पंप, ग्रास कटर येतात, आणि अधूनमधून गवत कापायचा एखादा जुना छोटा हायड्रो ट्रॅक्टर, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा. बहुतेक कुठल्यातरी हॉटेलच्या लॉनवरून लिलावात घेतलेला, आता माडांच्या भाटात (बागेत) राबणारा. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मेस्त्री, गिअरबॉक्स गेला." मी सांगतो, आधी नट सैल करू नका. पट्टा, बायपास, तेल, या क्रमाने बघा. गिअरबॉक्स खोलायची पाळी आलीच, तर ती शेवटी.

आत काय चालतं ते माहीत असलं की चुका कमी होतात. इंजिनचा पट्टा पंपाची पुली फिरवतो. पंपातले बारीक पिस्टन एका तिरक्या थाळीवर टेकून फिरतात. पेडल दाबलं की थाळी कलते आणि पिस्टन तेल ढकलायला लागतात. ते तेल मोटर फिरवतं आणि मोटर चाकं. पंप आणि मोटर बहुतेक एकाच कवचात असतात, त्या युनिटलाच लोक गिअरबॉक्स म्हणतात. थाळी सरळ असेल तर तेल ढकललं जात नाही, ट्रॅक्टर जागेवर उभा. ती उलट्या बाजूला कलली की रिव्हर्स. क्लच नाही, गिअर बदलणं नाही. ताकद तेलच वाहून नेतं, म्हणून तेल निसटलं की ताकद निसटली.

मी मालकाला पहिला प्रश्न विचारतो: "सकाळी थंड असताना चढतो का?" उत्तर "चढतो, पण अर्ध्या तासाने दम सोडतो" असं आलं, तर संशय तेलावर आणि आतल्या झिजेवर. तापलं की तेल पातळ होतं आणि झिजलेल्या पिस्टनच्या कडेने निसटतं. "थंडही चढत नाही" म्हणाला, तर मी बाहेरच शोधतो.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर सत्तरीतल्या एका कुळागरातून (सुपारीच्या बागेतून) असाच ट्रॅक्टर आला. थंड असतानाही सपाटीवर कुथायचा. कुणीतरी त्यांना अख्खा गिअरबॉक्स बदलायचा खर्च सांगितला होता आणि म्हातारे बाबा तोंड उतरवून उभे होते. मी पाच मिनिटं चालवला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली, पुल्या थांबू दिल्या आणि हात नुसता जवळ नेला. पंपाच्या पुलीची धग बोटभर अंतरावरून लागत होती. गिअरबॉक्सचं कवच मात्र गार. पट्टा घसरत होता, तेलापर्यंत जोर पोचतच नव्हता.

खाली वाकून बघितलं तर आयडलरचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या चक्रीचा, हात वळतो त्या बोल्टाभोवती गंज आणि तांबडी माती यांचा दगड झालेला. स्प्रिंग धड होती, पण हात परत येत नव्हता, त्यामुळे पट्ट्याला ताण नव्हता. बोल्ट काढला, बुश (बोल्टावर बसणारी नळी) काचकागदाने घासून साफ केला, ग्रीस भरलं. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या होत्या. असा पट्टा ताणला तरी घसरतोच, म्हणून नवा घातला. पंपसेटचा साधा पट्टा मापाने बसतो म्हणून लोक तोच घालतात. पण आयडलर पाठीवर दाबतो तिथे तो लवकर उसवतो. पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्या. बाबांचा ट्रॅक्टर त्याच संध्याकाळी भाटातला चढ चढला.

पट्टा ठीक असेल तर मागे बायपासचा दांडा बघा. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर ढकलता यावा म्हणून तो असतो. दांडा अर्धवट ओढलेला राहिला किंवा त्याची सळई वाकली, तर तेल मोटरला न जाता आतल्या आत फिरतं. पूर्ण बंद झालाय याची खात्री हाताने करा. बायपास उघडा असताना हायड्रोचा अटकाव नसतो, चढावर ट्रॅक्टर गडगडतो. दांडा ओढण्याआधी चाकांना दगड लावा. आणि बिघडलेला ट्रॅक्टर जीपला बांधून घरापर्यंत ओढत नेऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि आतून झिजते.

मग तेल. टाकी किंवा डिपस्टिक असेल तर आधी झाकणाभोवतीची माती पुसा. आत गेलेला चिमूटभर कचरा पिस्टनच्या वाटेवर ओरखडे काढतो. मी बोटावर थेंब घेऊन उजेडात धरतो. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलं. आपल्याकडे पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या ट्रॅक्टरात ते झाकणाच्या भोकातून जातं. नुसता फेस असेल तर हवा आहे. तासभर उभा ठेवला की फेस बसतो, दुधी रंग मात्र तसाच राहतो. जळका वास आला तर तेल बदलाच. कुठलं घालायचं ते पुस्तिकाच सांगेल: हायड्रो-गिअर कंपनीच्या बऱ्याच युनिटना २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, टफ टॉर्क कंपनीच्या के-४६ मॉडेलला १०डब्ल्यू-३०. के-४६ ला तेल काढायचा बोल्ट नाही, युनिट उतरवून उलटं करावं लागतं. अंदाजाने कुठलंही हायड्रॉलिक तेल ओतू नका.

नवं तेल घातल्यावर हवा काढली नाही तर सगळी मेहनत फुकट. मागची चाकं उचला, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, पुढच्या चाकांना पाचर लावा. नुसत्या जॅकवर ठेवू नका. सीटवर कुणी नसेल तर इंजिन बंद पाडणारा सीटचा स्विच बांधून निकामी करू नका, एका माणसाला सीटवर बसवा; दुसऱ्याने बाजूला, चाकापासून लांब उभं राहून बघावं. बायपास उघडा, इंजिन मंद, पेडल हळू पुढे, पाच सेकंद धरा, हळू मागे, पाच सेकंद. असं पाच-सहा वेळा. मग इंजिन बंद करून बायपास मिटवा आणि पुन्हा तेच. आधी कण्हणारा आवाज हळूहळू एकसारखा होतो, चाकं झटका न देता फिरतात. तेलाची पातळी खाली गेलेली असेल, ती भरा.

चाकं उचललेलीच आहेत तर न्यूट्रलही बघून घ्या. पेडल सोडल्यावर चाकं सरकत राहिली तर पेडलच्या सळईवरचा नट थोडा थोडा फिरवून ती थांबवा. ॲक्सल फिरतोय पण चाक नाही, असं दिसलं तर हबमधली, चाक ॲक्सलला अडकवणारी छोटी लोखंडी पट्टी (की) तुटलीय, काम स्वस्तातलं.

पंख्याकडे लोक बघतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. पुलीवरच्या प्लास्टिकच्या पंख्याची दोन पाती तुटली किंवा कवचाच्या खाचांत ओलं गवत सुकून लिंपलं गेलं, तर तेल भाजून निघतं. दर वेळी गवत कापल्यावर खाचा मऊ ब्रशने झाडा. पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नका.

एवढं सगळं करून, योग्य तेल घालून, हवा काढूनही तापल्यावर दम सुटत असेल, तर पंप किंवा मोटर झिजली. मग मी मालकाला सरळ सांगतो, आतले भाग मिळतात का ते आधी विचारा आणि तोवर युनिट खोलू नका. त्या दिवसांत सकाळच्या गारव्यात सपाटीवर अर्धा तास काम घ्या, चढावरचं गवत माणसाच्या हाती ठेवा.